लिंफोमा आणि शरीरसंबंध: उपचारांआधी, उपचार चालू असताना आणि नंतर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लिंफोमाच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. खर्च, जेवण, केस, रजा याबद्दल लोक ओपीडीत मोकळेपणानं विचारतात. खालचे प्रश्न मात्र बहुतेक रात्री उशिरा मेसेजमधून येतात, आणि कितीतरी वेळा सुरुवात अशी असते: "विचारू की नको कळत नाही, पण..."

पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नावगाव काढलं आहे, शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. तुमची औषधं आणि रक्ताचे आकडे ज्यांच्यासमोर आहेत त्या डॉक्टरांचा शब्द या पानापेक्षा वरचा. केमो अजून सुरू झाली नसेल तर आधी प्रश्न ४ आणि ५ वाचा. बाकीचे नंतर वाचले तरी चालतील, पण त्या दोन उत्तरांचा उपयोग पहिल्या डोसच्या आधीच असतो.

१. लिंफोमा हा गाठींचा आजार आहे ना? मग त्याचा शरीरसंबंधांशी काय संबंध?

लिंफोमा हा लसिका ग्रंथींमधल्या पेशींचा कॅन्सर. गाठी मानेत, काखेत, जांघेत, छातीत किंवा पोटात येतात. जननेंद्रियांना तो सहसा थेट धरत नाही (अपवाद प्रश्न १८ मध्ये). तरीही संबंधांवर परिणाम होतो. ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन आणि रक्तक्षय शरीर थकवतात. औषधं बीजांडकोश, वृषण आणि नसांवर परिणाम करतात. शिवाय भीती असतेच.

हॉजकिन लिंफोमा बऱ्याचदा १५ ते ३५ या वयात होतो आणि त्यातले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. म्हणजे लग्न, संसार, मूल हे सगळं पुढे असतानाच आजार येऊन जातो आणि त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं जगायचं असतं. म्हणून "जीव वाचला, आता हे कसले लाड" हे वाक्य मला मान्य नाही. नातेवाईक ते बोलतात, कधी रुग्ण स्वतःलाच ऐकवतो. कुणाचंही असलं तरी ते चूकच.

२. माझी केमो अजून सुरूच झालेली नाही, तरी सहा महिन्यांपासून इच्छा नाही. हे औषधाविना कसं?

आजारच कारण असू शकतो. रात्री चादर भिजेपर्यंत घाम, संध्याकाळचा ताप, हॉजकिनमध्ये अंगभर खाज, हिमोग्लोबिन उतरलेलं, अशा शरीराला इच्छा सुचत नाही. पुरुषांत आजारामुळेच टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही कमी झालेले असू शकतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते: मानेतली गाठ टीबीची समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधं चालतात आणि बायोप्सी उशिरा होते. तोवर माणूस पार गळून गेलेला असतो.

काही हळू वाढणाऱ्या लिंफोमांत, उदाहरणार्थ फॉलिक्युलर लिंफोमात, लगेच उपचार न करता फक्त लक्ष ठेवतात. एकही गोळी चालू नसताना मनावरच्या ओझ्यानं इच्छा गेल्याचं हे रुग्णही सांगतात. आजारापूर्वी सगळं कसं होतं ते आत्ताच डॉक्टरांना सांगून ठेवा. नंतर तुलना करायला काहीतरी हाताशी असतं.

३. संबंधातून कॅन्सर मला लागेल का? नवऱ्याचं ताट-तांब्याही वेगळा ठेवला आहे.

नाही. लिंफोमा स्पर्शानं, चुंबनानं, संबंधानं किंवा एका ताटात जेवल्यानं लागत नाही. ताट आजच एकत्र करा. दोन वेगळ्या गोष्टी सांभाळायच्या असतात: केमोची औषधं (प्रश्न ७) आणि हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्ही असेल तर तो संसर्ग (प्रश्न १९).

४. मुलगा २३ वर्षांचा, लग्न झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले शुक्राणू साठवून ठेवा. खरंच गरज आहे? सोमवारी केमो आहे.

हो. सोमवारच्या आधी.

हॉजकिनमध्ये पुष्कळदा एबीव्हीडी हे चार औषधांचं मिश्रण देतात. त्यानंतर बहुतेक पुरुषांचे शुक्राणू काही महिन्यांत ते दोनेक वर्षांत पूर्ववत होतात. यावरून कुणीतरी "मग कशाला?" म्हणतं, आणि तिथेच चूक होते. केमोच्या दोन सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) पेट स्कॅन करतात, आजार कुठे उरला आहे ते त्यात दिसतं. त्यात हवा तसा प्रतिसाद दिसला नाही तर औषधं वाढवावी लागतात. आजार उलटला तर मोठ्या डोसची केमो आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांट येतं. सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, मेलफॅलन ही औषधं शुक्राणू कायमचे थांबवू शकतात. प्रोकार्बाझिन असलेल्या जुन्या 'मॉप' उपचारांनंतर बहुसंख्य पुरुषांना कायमचं वंध्यत्व आलं, तेव्हापासून हे माहीत आहे. पुढे काय लागेल ते आज कुणालाच सांगता येत नाही, आणि नमुना देण्याची योग्य वेळ आजचीच असते. केमो सुरू झाल्यावर घेतलेल्या शुक्राणूंच्या जनुकांत बिघाड असण्याचा धोका असतो.

शक्य असल्यास दोन-तीन दिवस वीर्यपात टाळून, प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत हस्तमैथुन करून नमुना द्यायचा. आधी एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या होतात. जमले तर दोन-तीन नमुने देतात, नाही तर एकही पुरतो. ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राहतात. ताप आणि आजारामुळे संख्या कमी निघाली म्हणून परत जाऊ नका. इक्सी पद्धतीत प्रयोगशाळेत शुक्राणू थेट बीजांडात सोडतात, त्यामुळे एका बीजांडाला एकच शुक्राणू लागतो. नमुन्यात एकही सापडला नाही तर वृषणातून छोट्या शस्त्रक्रियेनं काढता येतात का, ते यूरोलॉजिस्टना विचारा. साठवणुकीचं शुल्क दर वर्षी भरावं लागतं. ते कुठे आणि कसं, हे लेखी घ्या. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात हे उपचार घेण्यासाठी पुरुषांचं वय २१ ते ५५ आणि स्त्रियांचं २१ ते ५० असं आहे. मुलगा २१ पेक्षा लहान असेल तर आजाराच्या कारणासाठी काय करता येतं ते केंद्राला लगेच विचारा.

आईवडिलांना एक विनंती: या बोलण्याच्या वेळी पाच मिनिटं बाहेर थांबा. आई शेजारी बसलेली असताना तेवीस वर्षांचा मुलगा "नको" म्हणतो, ते नको बहुधा नमुन्याला नसतं, लाजेला असतं. असं नको म्हणून गेलेला एक मुलगा चार वर्षांनी लग्न ठरल्यावर माझ्यासमोर येऊन बसला होता. त्याच्या पहिल्या भेटीत मी आईला बाहेर बसायला सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी सांगते.

५. मुलींसाठी काय करता येतं? तेवढा वेळ मिळतो का?

बीजांडं गोठवायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. पाळीची वाट पाहावी लागत नाही, इंजेक्शनं कुठल्याही दिवशी सुरू करता येतात. लग्न झालं असेल तर गर्भ करून गोठवता येतो, नसेल तर बीजांडं. छातीत मोठी गाठ असेल, श्वास लागत असेल, तर मात्र थांबणं आणि भूल देणं दोन्ही धोक्याचं, आणि तिथे मी कुणालाही आग्रह करत नाही. काही केंद्रांत दुर्बिणीनं बीजांडकोशाचा तुकडा काढून गोठवतात; त्याला कमी दिवस लागतात.

"बीजांडकोश झोपवणारं" महिन्याचं इंजेक्शन बऱ्याच जणींना देतात. लिंफोमात त्यानं मूल होण्याची क्षमता खात्रीनं वाचते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. प्लेटलेट कमी असताना पाळीचा रक्तस्राव थांबवायला त्याचा उपयोग होतो. म्हणून घ्या, पण बीजांडं गोठवण्याला तो पर्याय समजू नका. पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन ठरलं असेल तर बीजांडकोश शस्त्रक्रियेनं बाजूला सरकवता येतात. हे आधी विचारावं लागतं.

वयाचा फरक मोठा आहे. त्याच औषधांनंतर पंचविशीतल्या मुलीची पाळी परत येण्याची शक्यता अडतिशीतल्या बाईपेक्षा बरीच जास्त असते.

६. केमो चालू असताना संबंध ठेवले तर चालतात का?

इच्छा असेल आणि रक्ताचे आकडे बरे असतील तर चालतात. घरी येणाऱ्या सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या) कागदावर दोन ओळी बघायला शिका. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर आत प्रवेश करणारे संबंध टाळायला सांगतात, कारण रक्तस्रावाची भीती. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी (कागदावर 'एएनसी'), १,००० च्या खाली असतील तर संसर्गाची भीती. आर-चॉप (बऱ्याच लिंफोमांत देतात तो रिटुक्सिमॅब आणि केमोचा एकत्र उपचार) यासारख्या २१ दिवसांच्या सायकलमध्ये हे आकडे साधारण ७ ते १४ या दिवसांत सर्वांत खाली असतात. तुमच्या सायकलचे दिवस आणि मर्यादा डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर खूण करा.

तोंडात फोड असतील तर मुखमैथुन नको. गुदमैथुन आकडे खाली असताना अजिबात नको. तिथल्या नाजूक त्वचेतून जंतू सहज रक्तात जातात. पोर्ट किंवा पिक लाइनवर (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेल्या नळीवर) दाब येऊ देऊ नका, कुशीवर झोपून जवळ येणं सोपं पडतं. नंतर लघवीला जाऊन या. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) ताप आला तर वेळ कुठलीही असो, हॉस्पिटलला फोन करा.

आणि इच्छा नसेल तर? तर नाही. डोक्यावरून हात फिरवणं, पाय चेपणं, एका पांघरुणात झोपणं यांना कुठलाही आकडा आडवा येत नाही.

७. माझी पाळी बंद झाली आहे, मग कंडोम कशाला?

दोन कारणांसाठी. पहिलं, केमोची औषधं डोसनंतर काही दिवस वीर्यात आणि योनीस्रावात उतरतात. जोडीदाराला त्यांचा संपर्क नको. काही ठिकाणी ४८ ते ७२ तास सांगतात, काही ठिकाणी आठवडा. मी आठवडाच धरायला सांगते. मुखमैथुनातही तोच नियम. दुसरं, पाळी थांबली तरी बीज तयार होऊ शकतं आणि दिवस जाऊ शकतात. म्हणून गर्भनिरोधन सगळा उपचार होईपर्यंत आणि त्यानंतरही: रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर स्त्रियांनी १२ महिने, सायक्लोफॉस्फामाइडनंतर स्त्रियांनी वर्षभर आणि पुरुषांनी किमान चार महिने. लिंफोमात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका.

कंडोम फाटला तर तातडीच्या गोळीसाठी ७२ तास असतात, पण जितकं लवकर तितकं बरं. दिवस गेलेच तर मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच गर्भपात करू नका. प्लेटलेट कमी असताना ते जिवावर बेतू शकतं. दिवस गेल्यावरही वाटा असतात. पहिले तीन महिने उलटल्यावर लिंफोमाची काही औषधं देता येतात. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

८. वीर्य गेलं की ताकद जाते म्हणतात. हिमोग्लोबिन ८ असताना हस्तमैथुन केलं तर आजार वाढेल का?

नाही. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो ही समजूत शरीरशास्त्राला धरून नाही. हिमोग्लोबिन केमोमुळे आणि आजारामुळे उतरतं. संबंध किंवा हस्तमैथुन यानं लिंफोमा वाढत नाही, परतही येत नाही. दम लागेल इतका थकवा असेल तर थांबा, जिना चढताना थांबाल तसंच.

९. सासूबाईंनी आमचे बिछाने वेगळे केले. "इन्फेक्शन होईल" म्हणतात. दोन खोल्यांचं घर आहे.

घरात कुणाला सर्दी-ताप असेल, तर त्या माणसानं लांब झोपावं. धडधाकट नवऱ्याला बायकोपासून वेगळं करण्याचं कारण नाही. हे तुम्ही सांगितलंत तर ऐकलं जाईलच असं नाही, म्हणून पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर आणा आणि डॉक्टरांच्या तोंडून "दोघं एका खोलीत झोपली तर चालेल" एवढंच वाक्य वदवून घ्या. पुढचं कुणाला समजावायची गरज नाही. कुणावर राग न धरता हे होतं. त्यांनी काळजीपोटीच केलेलं असतं.

१०. आर-चॉपचे पहिले पाच दिवस मिस्टर वेगळेच वागतात. चिडतात, रात्रभर जागतात, कधी खूप जवळ येतात, मग एकदम गळून जातात.

त्या पाच दिवसांत प्रेडनिसोलोन असतं, बहुधा रोज १०० मिलिग्रॅम. झोप उडणं, चिडचिड, उत्साहाची लाट आणि गोळ्या बंद झाल्यावरची मरगळ ही त्याची ओळखीची लक्षणं. गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर घेतल्या तर रात्री थोडी झोप लागते. साखर तपासा. त्या दिवसांतल्या बोलण्यावरून नात्याचा निकाल लावू नका, आणि तुम्हाला नको असेल तेव्हा "आज नको" म्हणायचा तुमचा हक्क त्या गोळ्यांमुळे कमी होत नाही.

११. केमो संपून आठ महिने झाले. पेट स्कॅन स्वच्छ. सगळे पेढे वाटून मोकळे झाले. मला मात्र काहीच वाटत नाही. मी बरी आहे ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि पुरुषांकडूनही तितकाच. आजार गेला म्हणजे शरीर आणि मन लगेच जागेवर येतं असं नाही. आठ महिन्यांनंतरही काहीच वाटत नसेल तर कारण शोधायला हवं, आणि ते बऱ्याचदा सापडतं.

मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, कधी वर्षांनंतरही. टीएसएचच्या साध्या तपासणीत ते कळतं आणि गोळीनं सुधारतं. हिमोग्लोबिन बघा. पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत तपासावं, कमी आलं तर एकदा पुन्हा. पाळी गेली असेल तर प्रश्न १४ आणि १५. नैराश्यावरच्या काही गोळ्या इच्छा कमी करतात. त्या आपण होऊन बंद करायच्या नाहीत, पण पर्याय आहे का हे विचारता येतं. नसांच्या मुंग्यांवर प्रेगाबालिन किंवा गाबापेंटिन चालू असेल तर तेही सांगा.

रक्तात सापडत नाही असंही कारण असतं. एक बाई म्हणाल्या, "आठ महिने मी त्यांची आई झाले होते. भरवलं, पुसलं, ओकारी धरली. आता बायको कशी होऊ ते आठवत नाही." इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. अशा जोडप्यांना मी आधी संबंधच बाजूला ठेवायला सांगते. दोन-तीन आठवडे फक्त स्पर्श, पुढे काही व्हायलाच हवं असं नाही, हे दोघांनी आधीच ठरवून. रात्री दहाला थकवा असेल तर सकाळची वेळ घ्या. रोज चाला, केमोनंतरच्या थकव्यावर चालण्याइतका भरवशाचा उपाय थोडाच आहे. आणि स्कॅनच्या आधीचे पंधरा दिवस घाबरण्यात जातात हे धरूनच चाला, तेव्हा स्वतःकडून फार अपेक्षा नको.

१२. ताठरता येत नाही. ती निळी गोळी घेऊ का?

आधी एक खूण बघा: पहाटे उठताना ताठरता असते का? असेल तर नसा आणि रक्तपुरवठा बहुधा ठीक आहेत, चिंता आड येते आहे. नसेल तर कारणं पुष्कळ: विन्क्रिस्टिनमुळे दुखावलेल्या नसा, स्टेरॉइडनंतर वाढलेली साखर, कमी टेस्टोस्टेरॉन, रक्तदाबाची औषधं.

सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल यांचा उपयोग अनेकांना होतो, पण मेडिकलवर जाऊन मित्राच्या सल्ल्यानं घेऊ नका. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून ते घेतलेल्यांचं हृदय आधी टूडी इकोनं (हृदयाच्या सोनोग्राफीनं) बघितलेलं बरं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट चालू असेल तर ही गोळी कधीच नाही. रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांच्याबरोबर तिचा परिणाम वाढतो, म्हणून डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. शिवाय इच्छा गोळीनं येत नाही. इच्छा असताना शरीराला साथ द्यायला ती असते.

एक फसवी गोष्ट: टेस्टोस्टेरॉन कमी आलं म्हणून जेल किंवा इंजेक्शन सुरू केलं की शुक्राणू तयार होणं मंदावतं, थांबूही शकतं. मूल हवं असेल तर हे आधी सांगा. वेगळी औषधं असतात.

१३. शिलाजीत, अश्वगंधा, "ताकदीच्या" गोळ्या?

केमो चालू असताना नको. यकृतावर आणि केमोच्या औषधांवर त्यांचा काय परिणाम होईल याचा भरवसा नसतो. "ताकदीची" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत चोरून सिल्डेनाफिल मिसळलेलं आढळलं आहे, काहींत जड धातू. प्रश्न १२ मधला सॉर्बिट्रेटचा धोका इथेही लागू होतो, आणि पुडीत काय आहे ते तुम्हाला ठाऊकच नसतं. आधीच घेत असाल तर डबी डॉक्टरांना दाखवा. मी तरी अजून त्यावरून कुणाला बोलणी बसलेली पाहिली नाहीत.

१४. केमोनंतर खूप कोरडेपणा आहे. दुखतं, आग होते. खोबरेल तेल लावलं तर?

बीजांडकोश मंदावले की योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. दोन वेगळ्या गोष्टी मिळतात: आठवड्यातून दोन-तीनदा नियमित लावायचं मॉइश्चरायझर, आणि संबंधाच्या वेळी लावायचं पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट. खोबरेल तेलानं लॅटेक्सचा कंडोम फाटतो, त्यामुळे कंडोम वापरत असाल तर तेल नको. आत साबण किंवा सुगंधी वॉश लावू नका.

पांढरं दह्यासारखं जात असेल, खाज असेल, तर स्टेरॉइड आणि प्रतिजैविकांमुळे बुरशी झाली असेल. ती आधी बरी करा. एकदा दुखलं की पुढच्या वेळी स्नायू भीतीनंच आवळतात आणि आणखी दुखतं. त्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. दात आवळून सहन करू नका. नवऱ्याला "दुखतंय" हे त्याच क्षणी कळलं पाहिजे. संबंधानंतर रक्त दिसलं तर तपासून घ्या.

१५. चौतिसाव्या वर्षी पाळी कायमची गेली. हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर कॅन्सर परत येईल ना?

ही भीती स्तनांच्या कॅन्सरच्या माहितीतून आलेली असते. लिंफोमा सहसा इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसला जात नाही. इतक्या लवकर पाळी गेली तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. म्हणून नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन देण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. गरम वाफा, झोप, कोरडेपणा आणि त्यासोबत संबंध यात मोठा फरक पडतो.

अपवाद आहेत. रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा त्रास असेल, किंवा तरुणपणी छातीला रेडिएशन झालं असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावं. छातीच्या रेडिएशननंतर स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि त्यांची तपासणी इतर बायकांपेक्षा लवकरच्या वयात सुरू करतात. फक्त योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम हा त्याहून सौम्य मार्ग.

१६. पाळी परत आली. म्हणजे मूल होईल? किती थांबायचं?

पाळी येणं ही चांगली खूण, पण बीजांडांचा साठा कमी झालेला असू शकतो. एएमएच तपासणीनं अंदाज येतो. पुरुषांनी वीर्यतपासणी करावी. वीर्य दिसायला पूर्वीसारखं असलं तरी त्यात शुक्राणू आहेत का ते डोळ्यांना दिसत नाही.

औषधांसाठीचं अंतर प्रश्न ७ मध्ये आहे. त्यापलीकडे अनेक डॉक्टर दोन वर्षं थांबा म्हणतात, कारण आजार उलटायचा असेल तर बहुधा त्या काळात उलटतो. वय अडतीस असेल तर हा हिशेब वेगळा होतो, तेव्हा "दोन वर्षं" हा शब्द दगडावरची रेघ समजू नका, चर्चा करा. दिवस राहण्याआधी इको करा. पुरेशा अंतरानं झालेल्या मुलांमध्ये जन्मजात व्यंगं जास्त असतात असं आढळलेलं नाही. ही भीती मनात ठेवून कित्येकांनी संसार थांबवलेला असतो.

१७. ट्रान्सप्लांटनंतर काय बदलतं?

भारतात पहिलं यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात १९८३ मध्ये झालं. आता स्वतःच्या पेशींचं ट्रान्सप्लांट उलटलेल्या लिंफोमात नेहमीचं झालं आहे. त्याआधीच्या मोठ्या डोसनंतर पुष्कळ स्त्रियांची पाळी थांबते आणि पुरुषांचे शुक्राणू जातात. प्लेटलेट टिकून वर राहिल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला की संबंध सुरू करता येतात.

दुसऱ्याच्या पेशी घेतल्या असतील तर एक वेगळी गोष्ट: त्या पेशी जशी त्वचेवर, डोळ्यांवर, तोंडात प्रतिक्रिया देतात तशी योनीतही देतात. आग, फोड, व्रण, आणि दुर्लक्ष केलं तर मार्ग चिकटून अरुंद होणं. पुरुषांत शिश्नाच्या टोकावर चट्टे, कातडी घट्ट होणं. लवकर ओळखलं तर स्टेरॉइड मलम, इस्ट्रोजेन क्रीम आणि डायलेटर (मार्ग अरुंद होऊ न देणारं साधन) यांनी बराच फरक पडतो. म्हणून त्रास नसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी आणि पॅप चाचणी (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींची तपासणी) चुकवू नका. डोळे आणि तोंड सगळे तपासतात. हे सांगावं लागतं.

१८. वडील ६७ वर्षांचे. वृषणातच लिंफोमा निघाला, एक वृषण काढलं. दुसऱ्याला रेडिएशन देणार आहेत. का?

साठीनंतर वृषणात गाठ आली तर लिंफोमा हे सर्वांत नेहमीचं कारण. तो दुसऱ्या वृषणात परतण्याचा धोका मोठा असतो, म्हणून रेडिएशन. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन बहुधा घटतं: थकवा, उदासी, इच्छा आणि ताठरता कमी. ते तपासून भरून काढता येतं. "या वयात काय करायचंय" असं त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवू नका. आईलाही विचारा, एकटीला.

१९. हिपॅटायटिस बी आहे असं केमोआधीच्या तपासणीत कळलं. नवऱ्याला कसं सांगू?

रिटुक्सिमॅबमुळे शरीरात दबून बसलेला हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून ती तपासणी सगळ्यांची करतात. विषाणू कित्येकदा जन्माच्या वेळी आईकडून आलेला असतो, तेव्हा त्यावरून चारित्र्याचा प्रश्न काढू देऊ नका. नवऱ्याची तपासणी करा, संरक्षण नसेल तर लस द्या, तोवर कंडोम. तुमची विषाणूवरची गोळी केमो संपल्यावरही बराच काळ चालते. ती मध्येच सोडू नका. एचआयव्ही असेल तर त्याची औषधं आणि केमो बरोबरीनं चालतात. नियमित औषधांनी विषाणू रक्तात सापडेनासा होऊन तसाच राहिला तर संबंधातून तो लागत नाही, तरी केमोसाठीचा कंडोम राहतोच.

२०. बरा होऊन तीन वर्षं झाली. स्थळं येत आहेत. सांगायचं का?

सांगायचं, साखरपुड्याच्या आधी. घरातले "नंतर कळेल तेव्हा बघू" म्हणतात, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून घेतलेली संमती लग्न रद्द होण्याचं कारण ठरू शकते. कायदा राहू दे. दर तपासणीला खोटं कारण सांगून घराबाहेर पडणं किती दमवतं, ते तशा संसारांतले लोक मला सांगतात.

पत्रिकेबरोबर फाइल पाठवायची गरज नाही. एक-दोन भेटी होऊ द्या, मग स्वतः, मध्यस्थाशिवाय बोला: काय झालं होतं, उपचार कधी संपले, आता तपासणी किती महिन्यांनी, मुलाबद्दल काय माहीत आहे. समोरच्या व्यक्तीला डॉक्टरांना भेटायचं असेल तर तुमच्या संमतीनं घेऊन जा. नकार येतील. होकारही आलेले मी पाहिले आहेत.

२१. रुग्ण मी नाही, जोडीदार आहे. मला इच्छा होते आणि त्याचीच लाज वाटते.

लाज वाटण्यासारखं यात काही नाही. कित्येक जोडीदार दुखेल, पोर्ट हलेल, रक्त येईल म्हणून हात लावायचं सोडतात, आणि पलीकडच्याला वाटतं आपण टक्कल पडून कुरूप झालो. दोघंही गप्प. "मला तू हवी आहेस, पण घाई नाही" असं काहीतरी मोठ्यानं बोला. लग्न न झालेल्या आणि समलिंगी जोडीदारांनाही या पानावरचं सगळं लागू आहे. ओपीडीत "हे कोण?" असं विचारलं तर "माझी जवळची व्यक्ती, यांच्यासमोर बोललं तरी चालेल" इतकं पुरतं.

२२. डॉक्टरांसमोर तोंडच उघडत नाही. बाहेर साठ पेशंट बसलेले असतात.

चिठ्ठी लिहा आणि फाइलमध्ये सर्वांत वर लावा. डॉक्टर घाईत असले तरी कोणाकडे पाठवायचं ते सांगू शकतात: स्त्रीरोगतज्ज्ञ, यूरोलॉजिस्ट, एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा हॉस्पिटलातले वैद्यकीय समाजसेवक. चिठ्ठीचा मजकूर हवा असेल तर हा घ्या, आपल्याला लागू नसेल ते खोडा:

"डॉक्टर, केमोनंतर संबंधांत अडचण येते आहे. इच्छा नाही / दुखतं / ताठरता येत नाही. हे कधीपासून: ____. चालू औषधं: ____. आम्हाला मूल हवं आहे / नको आहे. याबद्दल एकट्यानं बोलायचं आहे. आज वेळ नसेल तर कधी येऊ?"